चिकटलेला साचा

"यात काय आहे?" कुरिअरच्या खिडकीतल्या माणसानं विचारलं.

"खुर्च्या," थोरली म्हणाली.

त्यानं हातातल्या खोक्याकडे पाहिलं. चपलांच्या खोक्याच्या निम्मंसुद्धा नव्हतं ते. "किती?"

"साठ."

मागे रांगेत कुणीतरी फिसकन हसलं. थोरली वळली नाही. दिवसभर उभं राहून पाय असे भरून आले होते की मागे वळणं हेसुद्धा एक कामच होतं. बाहेर पाऊस लागून राहिला होता, छत्रीचं पाणी गळून चपलेत शिरत होतं, आणि खिडकीतला माणूस तिच्याकडे असा पाहत होता, जणू बाईच्या डोक्यावर परिणाम झालाय.

"पायलटच्या खुर्च्या आहेत. एवढ्या एवढ्याशा. तुम्ही लिहा — सुटे भाग. मोकळे व्हा."

"कुठल्या विमानाच्या?" मागचा माणूस पुढे वाकून म्हणाला.

"तुम्हाला काय करायचंय?"

"काही नाही... आपलं सहज."

तिचं काम झालं, त्याचा नंबर आला. खिडकीतल्यानं त्याचंही खोकं हलवून पाहिलं. आत खुळखुळ वाजलं. "आणि यात?"

"दात."

"कुणाचे?"

"एका शाळामास्तरांचे वरचे आणि एका बाईंचे खालचे."

थोरलीला हसू फुटलं. गालाची कातडी ताणली गेली तेव्हा तिला कळलं, की हे यंत्र बरेच दिवस वापरातच नव्हतं.

पाऊस थांबेना, म्हणून दोघंही दाराशीच पत्र्याखाली उभे राहिले. तो दातांच्या लॅबमध्ये काम करत होता. डॉक्टर तोंडात हात घालतात, माप घेतात आणि नाव कमावतात. कवळी बनवतो तो हा. माणूस पस्तिशीकडे झुकलेला, चष्म्यावर पावसाचे थेंब, आणि ते पुसायला हातरुमाल नाही... शर्टाच्या टोकानं पुसत होता. पुसून झाल्यावर चष्मा आधीपेक्षा घाण.

"रागावणार नसाल तर एक सांगू?" तो म्हणाला. "मी विमानांची छोटी मॉडेलं जोडतो. तुमच्याच हातची असणार, अशी एक खुर्ची माझ्याकडे आहे. दुकानातून घेतली. फार सुरेख आहे... पण बसत नाही. विमानाबाहेर उंटासारखी मान काढून राहते."

"खालचा ठोकळा कापलात?"

"कुठला ठोकळा?"

थोरलीनं त्याच्याकडे नीट पाहिलं. थट्टा करत नव्हता बिचारा.

"ओतलेल्या वस्तूला खाली ठोकळा राहतोच. पातळ रेझिन तिथून साच्यात जातं. तो करवतीनं कापायचा असतो. फळ देठासकट खाता का तुम्ही?"

"मला वाटलं... पायलटची सामानाची पेटी असेल."

"आणि दात? दातांनाही देठ ठेवूनच पाठवता वाटतं. मास्तरांचं कठीण आहे मग."

तो कानापर्यंत लाल झाला. रोज स्वतः ओतकाम करणारा माणूस, आणि ठोकळा ओळखता येऊ नये! पण छंदाच्या ठिकाणी माणसाची अक्कल चप्पल काढून बाहेरच थांबते. त्यानं हात जोडले. तिनं छत्री उघडली आणि निघाली. पुढच्या कोपऱ्यावर मात्र, पाय दुखत असतानाही, तिनं एकदा वळून पाहिलं. तो अजून तिथंच उभा होता, चष्मा पुसत.

थोरली ही घरातली मोठी. आईबाप लवकर गेले तेव्हा धाकटी बहीण शाळेत होती, भाऊ तिच्याहून लहान. थोरली एका कारखान्यात शिकली. तिथं बक्षिसांचे चषक आणि पुतळे ओतायचे. कारखाना बुडाला, हातातली कला बुडाली नाही. तिनं घराच्या मागच्या खोलीत आपलं बस्तान मांडलं. विमानांची मॉडेलं जोडणारी शौकीन माणसं असतात. खोक्यात येणारे प्लॅस्टिकचे भाग त्यांना ओबडधोबड वाटतात. त्यांना खुर्चीवर शिवण दिसायला हवी, चाकावर नक्षी, इंजिनात तारा. असले भाग थोरली ओतायची. रबराचा साचा, त्यात दुधासारखं रेझिन, ते घट्ट झालं की काढायचं, ठोकळा कापायचा, पाण्यात धरून घासायचं, म्हणजे भुकटी छातीत जात नाही. शंभरात दहा बुडबुड्यांपायी फुकट जायचे.

त्याच खुर्च्या-चाकांवर तिनं भाऊ शिकवला, धाकटी उजवली. आता दोघंही आपापल्या घरी सुखात होती. फोन यायचा तो 'पोरांना सुट्टीत तुझ्याकडे पाठवू का' म्हणून. मागं उरल्या दोघीच — थोरली आणि तिच्या बापाची बहीण, आत्या. आत्याचे गुडघे गेले होते, जीभ शाबूत होती. देवानं एकातलं काढून दुसऱ्यात घातलं होतं.

तिशी केव्हाच उलटली होती थोरलीची. कुणी लग्नाचं काढलं की ती उठून मागच्या खोलीत जायची. लोक म्हणायचे, गर्व झालाय. गर्व कसला डोंबलाचा! दमली होती ती. एका रात्रीच्या झोपेनं जाणारं दमणं नव्हतं ते. हाडांत मुरलं होतं.

आठवडा गेला न गेला, तर दारात दातवाला हजर. पत्ता दुकानदाराकडून काढला होता. हातात ती खुर्ची, ठोकळा कापलेला.

"दाखवायला आणली," तो म्हणाला.

"वाकडी कापलीय."

"म्हणूनच आणली."

बाहेर पाऊस होता म्हणून तिनं त्याला आत घेतलं, नाहीतर दारातूनच वाटेला लावला असता. रेझिनचं आणि पावसाचं हाडवैर. हवेत ओल असली की त्याला फेस येतो, सगळा माल पावासारखा फुगून जाळीदार होतो. म्हणून पावसात ती ओतत नसे, नुसतं कापणं-घासणं. बोलायला सवड असायची. हे त्यानं पहिल्याच दिवशी हेरलं, आणि त्यानंतर आभाळ भरून आलं की लॅबमधून सुटून तो सरळ इकडे.

"पाऊस आला की बेडूक येतात आणि हा," आत्या म्हणायची.

"आत्याबाई, बेडूक चहा मागत नाहीत."

"मी दिला नसता. पण तू मागतोस कुठे? बघत बसतोस कपाकडे, लाज मलाच वाटते."

तो हसायचा. त्याला हसताना पाहून आत्या आत येऊन थोरलीच्या कानाशी लागायची, "याचे दाखवायचे दात पाहिलेत आपण. खायचे कुठे पाहिलेत?"

"आत्या, ऐकू जातंय त्याला."

"जाऊ दे की. मी काय चोरून बोलतेय?"

मागची खोली अरुंद. घासताना दोघंही तोंडावर मास्क बांधून समोरासमोर बसायचे, मध्ये पाण्याचं घमेलं. प्रेमात पडणाऱ्यांना म्हणे एकमेकांचे ओठ दिसतात, हनुवटीवरचा तीळ दिसतो. या दोघांना दिसायचे फक्त डोळे आणि घामेजलेलं कपाळ. पण तेवढ्यावरही भागत होतं. तो चाक घासता घासता थांबायचा... ती वर पाहायची... आणि दोघंही एकदम घमेल्यात बघायला लागायचे, जणू पाण्यात मासा दिसला.

"तुमचं लग्न का नाही झालं?" तिनं एकदा विचारलं. मास्क असला की असलं विचारता येतं.

"दुसऱ्यांच्या तोंडात डोकं घालून बसलो होतो. वर पाहिलं तेव्हा उशीर झाला होता. तुमचं?"

"मला सवड नव्हती."

"आणि आता?"

"आता ताकद नाही," ती म्हणाली आणि चाक इतकं घासलं की चपटं झालं. तिनं ते फेकून दिलं.

एका पावसात त्यानं खिशातून डबी काढली. आत दातांच्या मेणात कोरलेली खुर्ची, नखाएवढी. गादीवर सुरकुत्या होत्या. खुर्चीचे पट्टे मांडून ठेवलेले नव्हते, एक बाजूला लोंबत होता, एक गादीवर उलटा पडला होता... नुकतंच कुणीतरी उठून गेल्यासारखे.

थोरली भिंगातून बराच वेळ पाहत राहिली. "कोण होता?"

"विचारायचं राहिलं. घाईत होता."

"परत येणार?"

"त्याच्या मनात खूप आहे," तो तिच्या डोळ्यांत पाहून म्हणाला. "खुर्ची कुणाची आहे त्यावर आहे सगळं."

त्या संध्याकाळी तिनं चहात साखरेऐवजी मीठ घातलं. आत्यानं एक घोट घेतला, कप खाली ठेवला आणि जन्मात पहिल्यांदा काही न बोलता नुसतं 'हं' केलं.

त्या खुर्चीपासून त्याचं वेड वाढलं. पूर्ण कॉकपिटच करायला घेतलं त्यानं — खुर्ची, दोन्ही बाजूंच्या भिंती, त्यांवरच्या कळा, दांडा, सगळं एकात एक बसवलेलं. लॅबमधून आल्यावर रोज थोडंथोडं. सबंध पावसाळा त्यात गेला. असलं काम कुणाकडेच नव्हतं. दुकानदार पाहून म्हणाला, हे ओतून द्या, मग बाकी कुणाचं काही ठेवणारच नाही मी. मूळ नमुना जगात एकच. त्याच्यावर साचा घ्यायचा आणि मग साच्यातून हवे तेवढे.

साचा दोन भागांत करावा लागतो. नमुना आधी अर्धा मातीत दाबायचा, वरच्या अर्ध्यावर पातळ रबर ओतायचं, त्याला रेझिनसारखं ओलीचं वावडं नाही. ते घट्ट झालं की उलटं करायचं, माती काढायची आणि दुसरा अर्धा ओतायचा. मात्र त्याआधी पहिल्या अर्ध्याला वॅसलिन फासायचं. हे रबर जगात कशालाच चिकटत नाही, फक्त स्वतःच्या भावकीला चिकटतं. वॅसलिन विसरलं की दोन्ही भाग एकजीव, आणि नमुना आत गाडला गेला. थोरलीच्या हातून अशी चूक कधी झाली नव्हती. कारखान्यात नवशिक्या पोरींना ती त्यावरून शिव्या घालायची.

त्या दिवशी माती काढून झाली होती. दुसऱ्या अर्ध्याचं रबर तिनं नुकतंच कालवलं होतं. कालवलं की थांबता येत नाही, घट्ट व्हायला लागतं. दातवाला दाराच्या चौकटीला टेकून उभा होता. पावसाळा सरत आला होता, बाहेर नुसतीच भुरभुर.

"मला दुसऱ्या शहरातल्या मोठ्या लॅबनं बोलावलंय," तो म्हणाला.

तिचा हात थांबला.

"सोमवारी कळवायचंय. मी... हो म्हणणार आहे. म्हणजे, तुम्ही थांब म्हणालात तर नाही म्हणेन." त्यानं चष्मा काढला, पुन्हा घातला. "आत्ता नका सांगू. पण मला तुमच्याजवळ राहायचंय. पाऊस नसतानासुद्धा."

कालवलेलं रबर हातात जड होत होतं. काहीतरी बोलायला हवं होतं. होय म्हणावं तर अंगातली सगळी हाडं नको म्हणत होती; नको म्हणावं तर तोंड उघडेना. मग उत्तर द्यायला नको म्हणून तिनं ओतायला सुरुवात केली. बारीक धार, खाली मान. तो पायांचा आवाज न करता निघून गेला.

दुसऱ्या दिवशी रविवार. पाऊस उघडला होता, लख्ख ऊन पडलं होतं. थोरलीनं साच्याभोवतीची चौकट काढली, साचा हातात घेतला आणि दोन भाग वेगळे करायला अंगठे लावले. फट सापडेना. तिनं फिरवून पाहिलं. उजेडात धरून पाहिलं. मग तिची नजर फळीवरच्या वॅसलिनच्या डबीकडे गेली. झाकण लावलेलं होतं.

ती खाली बसली.

"काय झालं गं?" आत्यानं दारातून विचारलं.

"काही नाही."

"काही नाही म्हणताना तुझं तोंड तुझ्या बापासारखं होतं. बोलाव त्याला."

"कुणाला?"

"मेलेल्या बापाला नाही बोलवता यायचं. दुसरा कोण आहे?"

तो आला. कोरड्या दिवशी या घरात पहिल्यांदाच. थोरलीनं रबराचा ठोकळा त्याच्यापुढे ठेवला.

"वॅसलिन लावायचं राहिलं. माझ्याकडून," ती म्हणाली. "रागवा. काय बोलायचं ते बोला."

त्यानं ठोकळा हातात घेऊन वजन केल्यासारखा वरखाली केला. "एका आजोबांची कवळी मी अशीच अडकवली होती," तो म्हणाला. "आठवडाभर नुसतं पातळ पिऊन होते बिचारे. अजून रस्त्यात दिसले की दात दाखवून घाबरवतात."

"हसू नका हो..." तिचा आवाज फाटला. "एक पावसाळा गेला तुमचा यात. आणि तुम्हाला उत्तरही हवंय ना? ऐका मग. मी दमलेय. भावाचं केलं, धाकटीचं केलं, आत्याचं करतेय. आता आणखी एका माणसाचे कपडे, आणखी एकाचं जेवण, त्याचं दुखणं, त्याचं रुसणं... मला नाही जमायचं. माणूस वाईट आहे म्हणून नाही. माझ्यात उरलंच नाही काही."

एवढं ती आयुष्यात एका दमात बोलली नव्हती. दारामागे आत्याच्या काठीचा आवाज झाला आणि थांबला.

"बरं," तो म्हणाला. खिशातून लॅबमधलं बारीक पातं काढलं, खुर्ची खिडकीशी ओढली. "निदान हे सोडवून जातो."

"माझी चूक आहे, माझं मी करते. आणा इकडे."

"हात बघा तुमचे."

तिनं पाहिले. मूठ वळवून पाहिली, ती वळेना.

"बसा तिथं," तो म्हणाला. "लागलं तर हाक मारेन."

ती भिंतीला टेकून बसली, घडी घातलेल्या रिकाम्या पोत्यांवर. नजर ठेवायची म्हणून बसली होती. तो रबराचा एकएक पापुद्रा काढत होता, कांद्याचा काढावा तसा. प्रत्येक पापुद्र्याला आवाज... सर्र... आणि मग शांत. ऊन तिच्या पायांवर आलं होतं. कुणीतरी काम करतंय आणि आपण बसलोय, हे तिला नवीन होतं. आत्ता उठते, असं तिनं मनाशी म्हटलं. आत्ता...

जाग आली तेव्हा ऊन भिंतीवर चढून पिवळं झालं होतं. अंगावर चादर होती. खोलीत तो नव्हता. ती धडपडत उठून बाहेर आली. ओट्यावर आत्या बसली होती, तोंड फुगवून.

"गेला?"

"मोरीत कप विसळतोय. मला उठू देत नाही. दुपारभर बोलूही दिलं नाही! तोंड उघडलं की हा ओठांवर बोट ठेवतो. मला! माझ्या घरात! शेजारीण आली तर तिलाही खुणेनं परत पाठवली. खालच्या गल्लीत कुणाचा कुत्रा भुंकत होता, तर जाऊन त्याला पोळीचा तुकडा घालून आला. माझे गुडघे दुखतायत म्हणायला तोंड उघडलं, तर गुडघ्याखाली उशी ठेवून गेला, पण बोलू काही दिलं नाही." आत्यानं दम घेतला. "मला विचारशील तर... खायचेही पाहिले मी आज. बरे आहेत."

तो हात पुसत बाहेर आला. अर्थात शर्टालाच.

"खुर्ची निघाली," तो म्हणाला. "पट्ट्यांसकट. दांडा तुटला. डावी भिंत दोन जागी दुभंगलीय, तिला मी वाचवू शकलो नाही. ती नव्यानं करावी लागेल... कुणालातरी. मी आकडेमोड करून माप ठेवलंय टेबलावर." त्यानं पायरी उतरून चपला पायांत सरकवल्या. "निघतो. उद्या कळवायचंय त्यांना."

"काय कळवणार?"

"येतो म्हणून. तुम्ही दुपारी नाही म्हणालात ना."

"ते दमलेल्या बाईनं म्हटलं होतं."

तो चपलेचा पट्टा अर्धवट लावून थांबला. "आणि आता?"

थोरलीनं तोंडावरून हात फिरवला. डोळे सुजले होते, केस पोत्याच्या धाग्यांनी भरले होते, गालावर शिवणीचा वळ होता. आरशात पाहिलं असतं तर शब्दही फुटला नसता तिला. बरं झालं, आरसा आत होता.

"आता अर्धी झोप झालीय," ती म्हणाली. "अर्ध्या झोपेत जेवढं कळतं तेवढं सांगते. माझ्याकडून तुझं काही व्हायचं नाही. कपडे, चहा, काही नाही. कितीतरी दिवस नाही. कदाचित वर्षभर मी नुसती झोपेन."

"झोपा की."

"आणि उठल्यावर मी भांडखोर असते."

"हे मला ठाऊक आहे."

"मग जाऊ नकोस," थोरली म्हणाली. तिचा आवाज इतका खाली गेला की त्याला एक पायरी परत वर चढावी लागली. "डावी भिंत करायला घे. खिडकीशी उजेड आहे अजून."

त्यानं चपला काढल्या. एक ओट्याच्या या टोकाला पडली, एक त्या. तिच्या शेजारून आत जाताना त्यानं तिच्या केसांतला एक धागा अलगद काढला, आणि कुठे ठेवावा ते न कळून खिशात घातला.

थोरली त्याच्या मागोमाग मागच्या खोलीत गेली, पोत्यांवर आडवी झाली आणि चादर नाकापर्यंत ओढली. डोळे मिटायच्या आधी तिला दिसलं, की तो तिच्याकडे पाहत नाहीये, मापं पाहतोय. तिला फार बरं वाटलं.

"आता तरी बोलू का मी या घरात?" आत्यानं बाहेरून विचारलं.

तो दारात आला आणि ओठांवर बोट ठेवलं. आत्यानं तोंड उघडलं, त्याच्या खांद्यावरून आत पाहिलं, आणि तसंच मिटून घेतलं. थोरलीला केव्हाच झोप लागली होती.